ब्लॅक होलभोवतीचा वायू प्रकाशाच्या धक्क्याने कसा ढवळतो, आणि ते कम्प्युटरवर मांडणं इतकं अवघड का

१० एप्रिल २०१९ ला एम८७ या आकाशगंगेच्या मध्यावरच्या ब्लॅक होलचा तो केशरी कड्याचा फोटो आला, मग १२ मे २०२२ ला आपल्याच आकाशगंगेतल्या सॅजिटेरियस ए-स्टारचा आला, आणि तेव्हापासून "सुपरकम्प्युटरवर ब्लॅक होलचं सिम्युलेशन केलं" अशा बातम्या अधूनमधून येत असतात. सोबत एक झगझगीत फिरणारी चकती दाखवणारा व्हिडिओ असतो आणि बघणाऱ्याला कळतच नाही की हे नुसतं ॲनिमेशन आहे की खरंच काही मोजलंय. तर मोजलेलं असतं, आणि फार कष्टाने मोजलेलं असतं. हल्ली या बातम्यांमध्ये एक शब्द वारंवार दिसायला लागलाय, "रेडिएशनसह". वाचताना तो सहज निसटून जातो पण माझ्या मते सगळी गंमत आणि सगळा त्रास त्या एका शब्दात आहे, म्हणून हा लेख.

रेडिएशन म्हणजे इथे प्रकाश, एवढंच धरून चाला. डोळ्याला दिसणारा, अतिनील, क्ष-किरण, सगळा त्यात आला. आणि प्रश्न असा आहे की ब्लॅक होलभोवतीच्या तापलेल्या वायूतून जो प्रकाश निघतो तो फक्त बाहेर पडून आपल्यापर्यंत येतो, की जाता जाता त्या वायूलाच हलवून, दाबून, फुगवून जातो?

पण ब्लॅक होलमधून तर प्रकाश सुटतच नाही ना?

आतून नाही सुटत, बरोबर. आपण बोलतोय ते बाहेरच्या वायूबद्दल. ब्लॅक होलच्या जवळ वायू आला की तो सरळ आत पडत नाही, कारण त्याला आधीपासून थोडीतरी फिरकी असते आणि आत येताना तो आणखी जोरात फिरायला लागतो, मग तो भोवती गोल फिरत राहतो आणि त्याची एक चकती तयार होते. हिला ॲक्रिशन डिस्क म्हणतात, आपण नुसतं चकती म्हणू. यातला वायू आतल्या कडेला प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास निम्म्या वेगाने फिरतो. सूर्याच्या १० पट वजनाचं ब्लॅक होल घेतलं, ते स्वतःभोवती फिरत नाही असं धरलं, तर चकतीच्या आतल्या कडेवरची एक फेरी साधारण साडेचार मिलिसेकंदात पूर्ण होते. एम८७ सारख्या साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाच्या राक्षसाभोवती तशाच फेरीला महिनाभरापेक्षा जास्त वेळ लागतो. नियम तेच, फक्त घड्याळ वेगळं.

हा वायू हळूहळू आत सरकतो आणि सरकताना गुरुत्वाकर्षणातून मिळालेली ऊर्जा उष्णता आणि प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. आणि किती टाकतो बघा: सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा साधारण ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो, इथे ब्लॅक होलच्या फिरकीनुसार ६ टक्क्यांपासून अगदी ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून क्वेसार नावाच्या वस्तू अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसतात, त्या म्हणजे अशा चकत्याच.

वायू आत सरकतो कशामुळे?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खूप अडचणीचा आहे. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह आपोआप खाली येत नाही, हवेच्या घर्षणाने त्याची फिरकी थोडी थोडी गेली तरच तो खाली उतरतो. (फिरकी म्हणजे इथे नुसता वेग नव्हे, फिरण्याचा वेग आणि केंद्रापासूनचं अंतर यांचा गुणाकार, म्हणून आत आलेली गोष्ट जोरात पळत असली तरी तिची फिरकी कमी असू शकते.) चकतीतल्या वायूचंही तेच, त्याने आपली फिरकी कोणाला तरी देऊन टाकली पाहिजे. आता शेजारचे वायूचे थर एकमेकांना घासून ती देतील असं वाटेल, पण वायूचा स्वतःचा चिकटपणा इतका नगण्य असतो की त्या हिशोबाने वायू आत पोचेपर्यंत काळच संपेल, आणि आकाशात तर या चकत्या लखलखताना दिसतायत.

१९७३ साली शाकुरा आणि सुन्याएव या दोघांनी यावर एक धाडसी तोड काढली. ते म्हणाले, चकतीत खळबळ असणार, म्हणजे टर्ब्युलन्स, वायू भोवरे करत उलटसुलट ढवळला जात असणार, आणि ही ढवळण घर्षणाचं काम करत असणार. किती जोरात? तर चकतीतल्या दाबाच्या प्रमाणात, आणि ते प्रमाण सांगणारा एक आकडा, अल्फा, शून्य ते एकच्या दरम्यान. खळबळ कुठून येते हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्यांनी ते सगळं अज्ञान एका अक्षरात बांधून ठेवलं आणि पुढचं गणित सोडवलं, आणि ते गणित आजही वापरात आहे. मला हे नेहमीच थोर वाटत आलंय, न कळलेल्या गोष्टीला नाव देऊन तिच्या भोवतीचं सगळं बांधून काढायचं. मात्र "दाबाच्या प्रमाणात" हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं भांडण "कोणता दाब?" यावरच येणार आहे.

खळबळीचं कारण १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं. त्याचं मूळ गणित १९५९ मध्ये वेलिखोव यांनी आणि १९६० मध्ये आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी वेगळ्याच संदर्भात, फिरत्या नळकांड्यांमधल्या द्रवासाठी करून ठेवलेलं होतं, पण ते चकत्यांना लागू पडतं हे लक्षात यायला तीस वर्षं गेली. कल्पना अशी: गोल ट्रॅकवर दोन जण धावतायत, आतल्या लेनमधला जास्त वेगात आणि बाहेरचा कमी वेगात, कारण गुरुत्वाकर्षणात असंच असतं. दोघांच्या कमरेला एक लवचीक रबर बांधलाय, हा रबर म्हणजे कमकुवत चुंबकीय क्षेत्र. आतला पुढे निघाला की रबर त्याला मागे ओढतो आणि बाहेरच्याला पुढे ओढतो. आतल्याची फिरकी कमी झाली की तो आणखी आत घसरतो, आणि आत गेल्यावर तो आणखीनच जोरात पळायला लागतो. बाहेरच्याला फिरकी मिळाली की तो आणखी बाहेर जातो आणि मंदावतो. अंतर वाढलं, रबर अजून ताणला, ओढ अजून वाढली, आणि हे वाढतच जातं. म्हणजे जोडून ठेवणारी गोष्टच दोघांना लांब लांब करते. फार कडक रबर असता तर दोघं परत एकत्र खेचले गेले असते, म्हणून क्षेत्र कमकुवत असलं तरच हे होतं. यातून सगळा वायू ढवळून निघतो आणि फिरकी बाहेर, वायू आत असा व्यवहार चालू होतो. या कामासाठी त्या दोघांना २०१३ चा शॉ पुरस्कार मिळाला.

इथपर्यंत प्रकाशाचा संबंध आलेला नाही. वायू, चुंबकीय क्षेत्र आणि गुरुत्वाकर्षण. बरीच वर्षं सिम्युलेशन एवढ्यावरच चालली.

प्रकाशाला वजन नाही, तो काय धक्का देणार?

वजन नाही पण संवेग आहे, आणि संवेग असलेली गोष्ट आदळली की धक्का बसतोच. पृथ्वीवर ऊन आपल्याला किती ढकलतं तर जवळजवळ काहीच नाही, एका चौरस मीटरवर काही दशलक्षांश न्यूटन. तरी जपानच्या इकारोस या यानाने २०१० मध्ये मोठं पातळ शीड उघडून नुसत्या उन्हाच्या धक्क्याने अवकाशात आपला वेग बदलून दाखवला होता, म्हणजे धक्का खरा आहे.

आता तापमान वाढवा. वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, तापमान दुप्पट तर दाब दुप्पट. प्रकाशाचा दाब तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, तापमान दुप्पट झालं की तो सोळापट. छोट्या ब्लॅक होलच्या चकतीच्या आतल्या भागात तापमान १ कोटी केल्विनच्या घरात जातं आणि तिथे कोंडलेल्या प्रकाशाचा दाब काढला तर तो आपल्या हवेच्या दाबाच्या साधारण अडीच कोटी पट येतो. अशा ठिकाणी चकतीला वरून-खालून चपटी होण्यापासून थोपवून धरणारी मुख्य गोष्ट वायू नसतोच, प्रकाश असतो. आणि महाकाय ब्लॅक होलच्या चकत्या तुलनेने थंड असतात, लाखभर केल्विन वगैरे, तरी त्या इतक्या विरळ असतात की तिथे प्रकाशाचं पारडं उलट आणखी जड होतं.

याला एक टोकही आहे. प्रकाशाचा बाहेरचा धक्का आणि गुरुत्वाकर्षणाची आतली ओढ जिथे सारखी होते त्याला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. सूर्याइतक्या वजनामागे ती सूर्याच्या तेजाच्या साधारण ३२ हजार पट येते. तेजस्वी चकत्या या मर्यादेच्या जवळ असतात, काही ओलांडूनही जातात, त्याकडे नंतर येतो.

मग खळबळीवर नक्की काय परिणाम होतो?

इथे थोडं थांबून समजून घेऊया, कारण मला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

पाण्याने भरलेला स्पंज डोळ्यासमोर आणा. पाणी बाहेर पडायला वेळच मिळणार नाही इतक्या झटक्यात दाबला तर तो कडक लागतो. सावकाश दाबला तर पाणी निथळून जातं आणि स्पंज सहज चेपतो. चकतीतला वायू म्हणजे स्पंजचं जाळं आणि प्रकाश म्हणजे त्यातलं पाणी. प्रकाशाचा कण सरळ बाहेर येत नाही, इलेक्ट्रॉनवर आपटत, दिशा बदलत, धुक्यातल्या दिव्यासारखा पसरत पसरत येतो, म्हणून मोठ्या भागातून त्याला निसटायला वेळ लागतो आणि लहान भागातून तो पटकन निसटतो.

मग मोठ्या भोवऱ्यांना हा वायू कडक, फुगलेला, दाबाला दाद न देणारा वाटतो. पण छोट्या गुठळीला दाबलं तर आतला प्रकाश बाजूने निघून जातो, उरतो फक्त वायूचा स्वतःचा किरकोळ दाब, आणि ती गुठळी कितीही चेपते. परिणाम असा की प्रकाशाचं राज्य असलेल्या चकतीतली खळबळ एकसारखी राहत नाही, दाट गुठळ्या आणि मोकळ्या जागा असा खडबडीतपणा येतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नील टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिम्युलेशनमध्ये हे दिसलं होतं. शिवाय दाबताना केलेलं काम त्या निसटलेल्या प्रकाशाबरोबर जातं ते परत मिळत नाही, म्हणजे ध्वनिलाटांसारख्या हालचाली मरतात, प्रकाश त्यांना विझवतो. म्हणजे एकाच प्रकाशाने एकीकडे चकती फुगवून धरली, दुसरीकडे गुठळ्या करू दिल्या आणि तिसरीकडे लाटा मारल्या. एका ओळीत "प्रकाशाने खळबळ वाढते" किंवा "कमी होते" असं कोणी विचारलं तर उत्तर देता येत नाही ते यामुळेच, मोठ्या आकारावर एक आणि छोट्यावर दुसरं.

आणि उलटही होतं, खळबळ प्रकाशाला हलवते. चुंबकीय क्षेत्र जास्त असलेला वायूचा फुगा हलका असतो, तो वर तरंगत येतो आणि आपल्यात कोंडलेला प्रकाश घेऊन येतो. पसरत पसरत यायला जो वेळ लागला असता त्यापेक्षा खूप लवकर. यान-फे जियांग, जेम्स स्टोन आणि शेन डेव्हिस यांनी २०१४ मध्ये एडिंग्टन मर्यादेच्या पलीकडच्या चकतीचं सिम्युलेशन केलं तेव्हा या लिफ्टमुळे चकती जुन्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश बाहेर टाकत होती, आत पडणाऱ्या वस्तुमानाच्या ४ ते ५ टक्के. जुना अंदाज असा होता की एवढ्या घाईत वायू पडला तर प्रकाश त्यात अडकून त्याच्याबरोबर आतच गिळला जाईल.

पन्नास वर्षांचं भांडण: चकती टिकते की उधळते?

आता ते दोन शब्द, दाबाच्या प्रमाणात. खळबळ दाबाच्या प्रमाणात असेल आणि दाब प्रकाशाचा असेल तर काय होतं बघा. तापमान जरासं वाढलं, समजा १० टक्के. प्रकाशाचा दाब वाढला, चकती फुगली, खळबळ वाढली, घर्षणाची उष्णता वाढली. हिशोब केला तर वायूचं प्रमाण तेवढंच ठेवून उष्णता तापमानाच्या आठव्या घाताने वाढते, म्हणजे १० टक्क्यांना २.१ पट. बाहेर जाणारी उष्णता मात्र चौथ्या घाताने, म्हणजे जेमतेम १.५ पट. येणं जास्त, जाणं कमी, तापमान अजून चढतं आणि गाडी सुटते. तापमान चुकून उतरलं तर त्याच कारणाने उतरतच जातं. १९७४ मध्ये लाइटमन आणि अर्डली यांनी अशा चकत्यांमधली एक अस्थिरता दाखवली आणि १९७६ मध्ये शाकुरा आणि सुन्याएव यांनी स्वतःच आपल्या मॉडेलमधली ही उष्णतेची अस्थिरता मांडली. दाब फक्त वायूचा धरला तर मात्र काही बिघडत नाही, चकती शांत राहते. म्हणून "कोणता दाब?"

आकाश काय म्हणतं? आकाश म्हणतं, बहुतेक तेजस्वी चकत्या मजेत टिकून आहेत. क्ष-किरणांत आठवडेच्या आठवडे स्थिर दिसतात. गाडी सुटल्यासारखं वागणारे अगदी मोजके, त्यात ठळक म्हणजे १९९२ मध्ये सापडलेला जीआरएस १९१५+१०५ हा ब्लॅक होल असलेला जोडतारा, जो कधीकधी साधारण ५० सेकंदांच्या ठेक्याने हृदयासारखा धडधडतो, चमकतो, विझतो, परत चमकतो.

कागदावरचं गणित आणि आकाश जुळेना म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा सिम्युलेशनकडे लागल्या. २००९ मध्ये हिरोसे, क्रोलिक आणि ब्लेज यांनी चकतीचा एक छोटा तुकडा घेऊन त्यात चुंबकीय खळबळ आणि प्रकाश दोन्ही घातले आणि त्यांना चकती स्थिर दिसली. त्यांचं म्हणणं होतं की खळबळ आधी बदलते आणि दाब तिच्या मागून बदलतो, दाब खळबळीला हाकत नाही, त्यामुळे ते दुष्टचक्र तसं लागतच नाही. पटण्यासारखं होतं. मग २०१३ मध्ये जियांग, स्टोन आणि डेव्हिस यांनी मोठा तुकडा घेऊन आणि प्रकाशाचं गणित वेगळ्या, जास्त काटेकोर पद्धतीने करून तेच पुन्हा केलं, आणि त्यांची चकती दर वेळी उधळली, कधी फुगत गेली कधी कोसळली.

दोन्ही गट तयारीचे, दोन्हीकडे भौतिकशास्त्राचे नियम तेच, उत्तरं उलटी. मला वाटतं या विषयातली सगळ्यात शिकवणारी घटना हीच. किती मोठा तुकडा घेतला आणि प्रकाश कसा हाताळला एवढ्यावरून निकाल फिरला. मग २०१६ मध्ये याच दुसऱ्या गटाने महाकाय ब्लॅक होलसाठी एक गोष्ट दाखवली, जी कोणी फारशी धरलेली नव्हती: लोखंड. वायूत लोखंडाचे अणू अगदी थोडे असतात, पण साधारण १ लाख ८० हजार केल्विनच्या आसपास ते प्रकाशाला फार जोरात अडवतात. त्याहून गरम झालं की त्यांची अडवण्याची ताकद कमी होते, कोंडलेला प्रकाश पटकन निघून जातो आणि चकती आपोआप थंड होते, म्हणजे प्रेशर कुकरला शिट्टी मिळाली. क्वेसारच्या चकत्यांचं तापमान नेमकं याच पट्ट्यात येतं. छोट्या ब्लॅक होलच्या कोटीभर केल्विनला ही शिट्टी कामाची नाही, तिथे वेगळं काहीतरी लागणार, आणि बऱ्याच जणांचा रोख आता जोरदार चुंबकीय क्षेत्राकडे आहे, की चकतीला प्रकाशाऐवजी चुंबकीय दाबच धरून ठेवत असेल.

प्रकाश हाताळायचा म्हणजे नक्की काय करायचं?

सिम्युलेशन म्हणजे जागेचे लाखो-करोडो छोटे डबे करायचे आणि प्रत्येक डब्यात काय चाललंय ते क्षणाक्षणाला मोजत जायचं. वायू आणि चुंबकीय क्षेत्रासाठी एका डब्यात आठ आकडे पुरतात: घनता, ऊर्जा, वेगाचे तीन, क्षेत्राचे तीन. वायूचा एका जागी एकच वेग असतो म्हणून हे जमतं.

प्रकाशाचं तसं नाही. एकाच बिंदूतून प्रकाश एकाच वेळी सगळ्या दिशांनी जात असतो, आणि प्रत्येक दिशेला वेगवेगळ्या रंगांचा. समजा ८० दिशा घेतल्या आणि प्रत्येकीत २० रंग, तर एका डब्यामागे १६०० आकडे. आठाचे सोळाशे झाले. त्यात प्रकाश सगळ्यात वेगवान, म्हणून घड्याळाचं पाऊल तो एक डबा ओलांडेल एवढंच बारीक ठेवावं लागतं, आणि तापलेल्या वायूशी त्याची देवाणघेवाण त्याहूनही कितीतरी झटपट होते, तिच्यासाठी वेगळी समीकरणं सोडवावी लागतात.

म्हणून शॉर्टकट आले. एक शॉर्टकट म्हणतो की प्रकाश धुक्यातल्यासारखा पसरतो एवढंच धरा, जास्तीकडून कमीकडे. दाट भागात हे उत्तम चालतं पण चकतीच्या पृष्ठभागावर, जिथे प्रकाश मोकळा सुटतो, तिथे तो कोणत्या दिशेने जातो हेच विसरलं जातं. सावली म्हणून काही उरत नाही, प्रकाश कोपऱ्याभोवती वळतो. दुसरा शॉर्टकट प्रत्येक डब्यात प्रकाशाला एक मुख्य दिशा देतो, त्यात सावली नीट पडते. पण दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर सोडा: खऱ्या आयुष्यात ते आरपार जातात, या शॉर्टकटमध्ये ते भेटले की एकत्र होऊन मधल्याच दिशेने निघून जातात, जणू पाण्याच्या दोन धारा आदळल्या. आणि ब्लॅक होलजवळ तर मधल्या पोकळीत चकतीच्या सगळ्या बाजूंनी प्रकाश येऊन एकमेकांना छेदत असतो, म्हणजे नेमकं तिथेच चुकतं जिथे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

तिसरा रस्ता म्हणजे शॉर्टकट न घेता सगळ्या दिशा खरोखर मोजायच्या. तो रस्ता माहीत होता, परवडत नव्हता. आता ग्राफिक्स कार्डांवर चालणाऱ्या नव्या पिढीच्या सुपरकम्प्युटरवर, आइनस्टाइनच्या वाकलेल्या अवकाशासकट, पूर्ण चकतीसाठी हे करता यायला लागलंय आणि "रेडिएशनसह" हा शब्द बातम्यांत जास्त दिसतो तो त्यामुळे. तरी बऱ्याचदा रंग एकत्र करून एकच सरासरी धरतात, दिशा आणि रंग दोन्ही पूर्ण घ्यायचे म्हटलं की आजही कंबर मोडते.

फोटो तर आधीच्या सिम्युलेशनशी जुळले होते की!

हो, जुळले होते आणि त्यात काही फसवाफसवी नाही. पण ज्या दोन ब्लॅक होलचे फोटो आले ती दोन्ही फार अंधुक आहेत, आपापल्या एडिंग्टन मर्यादेच्या मानाने अगदी नगण्य तेजाची. वायू इतका विरळ की प्रकाश निर्माण झाला की सरळ निघून जातो, वाटेत कोणाला ढकलत नाही. त्यामुळे तिथे आधी वायूचं गणित करायचं आणि नंतर त्यावर प्रकाश चढवून चित्र काढायचं हे बहुतांशी चालतं. क्वेसार, क्ष-किरणांत तळपणारे जोडतारे, तारा फाटून ब्लॅक होलमध्ये पडतो तेव्हाची लखलख, यांच्या बाबतीत ते चालत नाही. ज्यांचे फोटो काढता आले तिथे प्रकाश गप्प होता, आणि जिथे तो बोलतो त्या चकत्यांचा असा जवळून फोटो अजून कोणी काढलेला नाही, म्हणून तिथे सिम्युलेशनवर भार जास्त येतो.

कम्प्युटरमध्ये आलं म्हणून खरं कशावरून?

रास्त शंका आहे, आणि २००९ आणि २०१३ च्या उलट्या निकालांनंतर तर असायलाच हवी. तपासायचे रस्ते आहेत. ज्या साध्या प्रश्नांची उत्तरं कागदावर नेमकी काढता येतात ते आधी प्रोग्रॅमला सोडवायला देतात, वर सांगितलेली सावलीची आणि दोन झोतांची परीक्षा त्यातलीच. मग डबे आणखी बारीक करून, तुकडा आणखी मोठा करून तेच उत्तर येतं का बघतात. वेगळ्या गटाने वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅमशी ताडून बघतात. आणि शेवटी सिम्युलेशनमधून निघणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट आणि लुकलुक दुर्बिणीशी जुळते का ते बघतात. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण, कारण चकती शांतपणे स्थिरावायला हजारो फेऱ्या लागतात आणि पातळ चकतीला त्याच्याही कितीतरी पट जास्त. जाडी त्रिज्येच्या शंभराव्या भागाइतकी असेल तर वायू आत सरकायला लागणारा काळ हा तापण्या-थंड होण्याच्या काळाच्या दहा हजार पट असतो, म्हणून पातळ चकतीचा सगळा प्रवास एका सिम्युलेशनमध्ये बसवणं आज जमत नाही.

हे कळून बाकी काय उलगडतं?

एक मोठं कोडं तरी नक्कीच. जे०३१३-१८०६ नावाचा एक क्वेसार आहे, २०२१ मध्ये जाहीर झाला, त्यातलं ब्लॅक होल १६० कोटी सूर्यांच्या वजनाचं आहे आणि आपण ते महास्फोटानंतर साधारण ६७ कोटी वर्षांनी जसं होतं तसं बघतोय. एडिंग्टन मर्यादा पाळून वाढायचं तर वजन दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षं लागतात. १० सूर्यांपासून सुरुवात केली तर २७ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे न थांबता ९५ कोटी वर्षं. वेळच नव्हता. मग एकतर सुरुवातच खूप मोठ्या वजनाने झाली, किंवा मर्यादा ओलांडून खाल्लं. आणि मर्यादा ओलांडता येते का, किती, ओलांडल्यावर किती वायू प्रकाशाच्या धक्क्याने बाहेर फेकला जातो आणि किती आत जातो, हे सगळं वायू गोळ्यासारखा एकसारखा नसून चकतीत, गुठळ्यांत, मोकळ्या वाटांत असतो यावर ठरतं, प्रकाश मोकळ्या वाटेने सटकतो आणि दाट गुठळ्या आत सरकत राहतात. निसर्गात मर्यादा ओलांडली जाते एवढं नक्की माहीत आहे: एम८२ आकाशगंगेतला एक्स-२ हा स्रोत न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा, आहे हे २०१४ मध्ये नुस्टार दुर्बिणीने दाखवलं, आणि जेमतेम दीडएक सूर्यांच्या वजनाची ती गोष्ट आपल्या मर्यादेच्या कितीतरी पट तळपते.

आणि तो धडधडणारा जीआरएस १९१५+१०५? तो आणि त्याच्यासारखे मोजकेच असे का वागतात आणि बाकीचे का नाही, हे प्रत्येक नव्या रेडिएशनसह सिम्युलेशनला विचारलं जातं. मध्यंतरी त्यानेच रूप पालटलं. २०१८ पासून तो क्ष-किरणांत मंदावत गेला, आणि आता दिसतं ते असं की चकती विझलेली नाही, तिच्याच आसपासचा दाट वायू आपल्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिलाय.